सान फेलिक्सशी न झालेला सामना

२००९ साल होतं ते. एप्रिल संपता संपता मेक्सिकोतल्या ओरिसाबात तापाची साथ आली. शाळांना कुलपं लागली, पाद्रीबाबा रिकाम्या बाकांपुढे प्रवचन करू लागले, आणि डोंगरावरून उतरणारी बारीक झिमझिम, जिला तिथे चिपिचिपी म्हणतात, ती लोकांच्या तोंडावरची निळी फडकी ओली करत राहिली. पण अर्लिंदाला विचाराल तर ती त्या वर्षाला साथीचं वर्ष म्हणत नाही. आनिबाल यायचा होता ते वर्ष, असं म्हणते.

आनिबाल तिचा दीर. त्याला तिने कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.

तिचा नवरा वाल्देमार मूळचा उरुग्वायचा, पायसान्दू गावचा. ऐन तारुण्यात हिलान्देरोस क्लबाकडून फुटबॉल खेळायला ओरिसाबात आला. दोन हंगाम खेळतो आणि परत येतो, असं आईला सांगून आला आणि राहिला तो राहिलाच. त्या काळी क्लब सूतगिरणीचा होता. खेळाडूंची नावं गिरणीच्या पटावर असत. सकाळी सराव, दुपारी पाळी. अर्लिंदा कताईखात्यात होती. हा धिप्पाड माणूस पिंजणखात्याच्या दारात उभा राहून तिच्याकडे बघत बसे आणि त्याच्या केसांवर कापूस साचत जाई. बायका तिला म्हणायच्या, अगं, होकार दे आता, तो बघ तुझी वाट पाहून पिकला.

गाव त्याला चारुआ म्हणे. उरुग्वायच्या माणसाला तिथे सगळेच तसं म्हणतात, त्यात वाईट काही नाही. पण लग्न झालं, मुलगी झाली, मुलीचं लग्न होऊन ती पुएब्लाला गेली, गिरणी बंद पडली, तरी तो चारुआच राहिला. भाजी घेताना चारुआ, कुणाच्या मातीला गेला तरी चारुआ. तो हसून ओ द्यायचा. घरी मात्र कधी कधी म्हणायचा, "लिंदा, मी मेल्यावर दगडावर माझं नाव घाल हां. नाहीतर हे लोक चारुआ कोरून मोकळे होतील."

त्याची आई गेली तेव्हा हिलान्देरोसचा अंतिम सामना दोन दिवसांवर आला होता. तो गेला नाही. सामना खेळला, आणि हरला. आनिबालने आईला एकट्याने मूठमाती दिली आणि फोनवर एवढंच म्हणाला, "आता येऊ नकोस." त्यावर तीस वर्षं गेली. एक बोलला नाही, दुसऱ्याने विचारलं नाही. मधल्या काळात पिंजणखात्यातला कापूस वाल्देमारच्या छातीत बसला. जिना चढताना तो दर तिसऱ्या पायरीला थांबू लागला. विमानाचं नावही काढू नका, असं डॉक्टरांनी बजावलं. म्हणजे आता मनात आलं तरी पायसान्दूला जाणं त्याच्या हातात राहिलं नव्हतं.

अशात हिलान्देरोसना दक्षिणेच्या करंडकाचं आमंत्रण आलं.

मेक्सिकोच्या क्लबांनी दक्षिण अमेरिकेच्या स्पर्धेत खेळावं की खेळू नये, हा वाद ओरिसाबात जुनाच होता. बाजाराच्या कोपऱ्यावरच्या बाकावर तो रोज संध्याकाळी नव्याने मांडला जाई. विरोधी बाजू फोर्तीनोची. फोर्तीनो गिरणी कामगार संघटनेचा सचिव आणि वाल्देमारचा कोम्पाद्रे. वाल्देमारच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी त्यानेच हातात धरलं होतं.

"आपलं तिथे काय काम आहे?" फोर्तीनो म्हणायचा. "नकाशा बघ. आपण वर, ते खाली. लग्नाला बोलावतात पण पंगतीला बसवत नाहीत. अंतिम फेरी गाठलीस तरी शेवटचा सामना त्यांच्याच अंगणात. करंडक उचललास तरी पुढे जगाच्या स्पर्धेत त्यांचाच कुणीतरी जाणार. असल्या पाहुणचाराला काय चाटायचंय?"

"मग वरच्या लोकांशी खेळत बसा," वाल्देमार म्हणायचा. "सात-सात गोल घाला आणि झोपायला घरी या. खेळ शिकायचा तर खाली जावं लागतं, बो. लाथा खाव्या लागतात."

"त्या तू आम्हाला इथेच भरपूर घातल्यास."

"तुझी नडगी समोर आली त्याला मी काय करू?"

यावर बाक हसायचा आणि वाद दुसऱ्या दिवसावर जायचा. हे 'बो' त्याच्या गावाकडचं. चाळीस वर्षांत त्याच्या तोंडून पायसान्दू बहुतेक निघून गेलं होतं, तेवढं मात्र राहिलं होतं.

हिलान्देरोस पहिल्या फेरीतून कसेबसे पार झाले, आणि पुढच्या फेरीची चिठ्ठी निघाली ती सान फेलिक्सची. पायसान्दूच्या नदीकाठचा चिमुकला क्लब. दोघे भाऊ त्याच मैदानावर अनवाणी खेळून मोठे झाले होते. आणि आनिबाल आता त्या क्लबाचा अध्यक्ष होता.

त्या दिवशी वाल्देमार जेवला नाही. फोनजवळच्या खुर्चीत बसून राहिला. शेवटी अर्लिंदानेच क्लबाकडून नंबर मिळवला, फिरवला आणि रिसीव्हर त्याच्या कानाला लावला.

"मी बोलतोय," तो म्हणाला.

 पलीकडून आवाज आला, "तू अजून तसाच नाकातून बोलतोस."

पुढचं तिने ऐकलं नाही, ती स्वयंपाकघरात गेली. आत येऊन त्याने सांगितलं ते इतकंच: तो संघाबरोबर येणार आहे, आपल्याकडे जेवणार आहे, आणि त्याला कोथिंबीर चालत नाही.

अर्लिंदाने घराच्या भिंतींना चुना लावला. मुलीची खोली उघडली, गादी उन्हात टाकली, आणि ऊन नव्हतंच म्हणून ती तीन दिवस आतबाहेर करत राहिली. तिची शेजारीण आणि कोमाद्रे क्रिसान्ता, म्हणजे फोर्तीनोची बायको, म्हणाली, "दीर येतोय की बिशप?" अर्लिंदा म्हणाली, "बिशप आला असता तर चुना लावला नसता."

आणि मग साथ आली.

दक्षिणेचे क्लब घाबरले. मेक्सिकोत पाय ठेवणार नाही म्हणू लागले. तिकडच्या मैदानांवर आपल्या खेळाडूंना लोक खोकून दाखवू लागले, त्याची चित्रं वर्तमानपत्रात आली. ओरिसाबात ज्याला फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं त्यालाही राग आला. एकट्या सान फेलिक्सने नाही म्हटलं नाही. आनिबालने आपल्या लोकांशी भांडून, खेळाडूंच्या आयांच्या घरी जाऊन, राजीनाम्याची धमकी देऊन त्यांना तयार केलं. पण अटी होत्या. विमानतळावरून थेट मैदान, मैदानावरून थेट विमानतळ. प्रेक्षक नाहीत. हस्तांदोलन नाही. पाणी त्यांचं ते आणणार, जेवण त्यांचं ते आणणार.

ही शेवटची अट गावाच्या वर्मी बसली.

गिरणीच्या दिवसांपासून हिलान्देरोसचा रिवाज होता की परगावचा संघ आला की खेळण्याआधी फाटकाशीच त्यांना खाऊ घालायचं. मक्याच्या छोट्या भाकऱ्या चरबीत परतून, वर झणझणीत चटणी, मांसाचे धागे, बटाटा आणि कांदा. गार्नाचा. गिरणीच्या बायका रांगेने तवे मांडून बसत, आणि कित्येक वर्षं त्या रांगेच्या टोकाला अर्लिंदा बसे. दोन घास खाल्ल्याशिवाय कुणी आत गेल्याचं कुणाला आठवत नव्हतं. ज्यांच्याशी मारामाऱ्या झाल्या तेही आधी खाऊन मग मारामारी करत.

"आमच्या हातचं खाणार नाहीत," क्रिसान्ता म्हणाली. "महारोग्याच्या दारात आल्यासारखे येणार आणि जाणार."

 अर्लिंदाला स्वतःलाही ते लागलं होतं. पण तिला हेही दिसत होतं की वाल्देमार आताशा दोन पायऱ्यांनंतरच थांबतो.

मैदान कामगार संघटनेचं होतं. गिरणी बंद झाल्यावर तेवढंच त्यांच्याकडे उरलं होतं. क्लबाचे व्यवस्थापक ओल्गिन, ज्यांना सगळे लिसेन्सियादो, म्हणजे पदवीवाले साहेब, म्हणत, संघटनेच्या कचेरीत आले आणि त्यांनी टोपी काढून सांगितलं की सरकारची हरकत नाही, दक्षिणेच्या मंडळाची हरकत नाही; तुम्ही फाटक उघडलंत तर सामना होईल, नाही उघडलंत तर क्लब स्पर्धेतून माघार घेईल. दुसरं मैदान एवढ्यात मिळणार नव्हतं. फोर्तीनोने सभा बोलावली.

सभेच्या आदल्या दिवशी आनिबालचा फोन आला. या वेळी अर्लिंदा तिथेच बसली होती. आवाज मोठा होता, खोलीभर ऐकू येत होता.

"मला तुझ्या घरी येता येणार नाही," आनिबाल म्हणाला. "तसं लिहून घेतलंय त्यांनी माझ्याकडून. पण तू मैदानावर ये. तुला आत घेतील ना?"

"मला कोण अडवणार?"

"मग मी राखीव खेळाडूंच्या बाकाशेजारी असेन. तोंड बांधलेलं असेल, ओळखशील ना?"

"तुझे कान झाकायला फडकं पुरणार नाही."

आनिबाल हसला. मग म्हणाला, "तुझ्या लोकांना सांग, हा अपमान नाही. माझी पोरं विशीची आहेत. त्यांच्या आया माझ्या दारात येऊन रडतात. यापेक्षा जास्त मला जमलं नाही."

"सांगतो."

फोन ठेवल्यावर अर्लिंदाने विचारलं, "उद्या उजवीकडे जाशील ना?"

संघटनेत मतदान चालून होई. हात वर करायची पद्धत नव्हती. संपाच्या काळात वर केलेले हात मालकाची माणसं मोजून ठेवत, म्हणून जुन्या लोकांनी सगळ्या सभागृहाने एकदम हलायची रीत पाडली होती. हो म्हणायचं तर उजव्या भिंतीशी, नाही म्हणायचं तर डाव्या. वाल्देमारचं नाव अजून पटावर होतं, तिचंही होतं.

"जाईन की," तो म्हणाला. "जाणार नाही तर काय करीन?"

सभेला माणसं खूप आली. साथ असूनही आली. दारं-खिडक्या सताड उघड्या, खुर्च्या लांब लांब मांडलेल्या, सगळ्यांची तोंडं बांधलेली, त्यामुळे कोण काय मनात धरून बसलंय ते कळायला मार्ग नव्हता. ओल्गिनसाहेब बोलले. मग एकेक जण उठला. एकाने खोकून दाखवणाऱ्यांची गोष्ट काढली. एकजण म्हणाला, "आपण तिकडे गेलो तेव्हा त्यांचं पाणी प्यालो, मला तर दोन दिवस जुलाब झाले, मी बोललो का काही?" लोक फडक्याआडून हसले. क्रिसान्ताने आपलं महारोग्याचं पुन्हा एकदा सांगितलं, पण या वेळी आवाजात तितका जोर नव्हता, आणि बोलताना ती अर्लिंदाकडे बघत होती.

कुणीतरी म्हणालं, "चारुआला बोलू द्या."

वाल्देमार उठला. आनिबालने सांगितलेलं सगळं त्याच्या ओठांवर होतं, अर्लिंदाला ते त्याच्या खांद्यांवरून कळत होतं. तो म्हणाला, "माझा भाऊ तिकडचा अध्यक्ष आहे, हे तुम्हाला माहीत आहे. म्हणून मी बोलणं बरं दिसणार नाही." आणि तो खाली बसला.

अर्लिंदा त्याच्या कानाशी पुटपुटली, "अरे, सांग ना पोरांच्या आयांचं."

"भीक मागतोय असं वाटेल."

मग फोर्तीनोने टेबलावर बोटं आपटली आणि मतदान पुकारलं. पुकारताना त्याने एक चेष्टा केली. चाळीस वर्षं बाकावर करत आला तसलीच चेष्टा, डोळा मिचकावून. "चला," तो म्हणाला, "आज कळू दे आपला चारुआ कुठला ते."

सभागृह उठलं. पण कुणी हललं नाही. लोक खुर्च्यांपाशी उभे राहिले, एकमेकांकडे न बघता, पायांकडे बघत, सगळे थोडेसे वाल्देमारच्या दिशेला वळलेले. अर्लिंदा एकटीच निघाली. ती उजव्या भिंतीशी जाऊन उभी राहिली आणि वळून त्याच्याकडे पाहिलं.

तो हळूहळू चालत होता. मधे एकदा दम घ्यायला थांबला. मग तो डाव्या भिंतीशी गेला, पाठ टेकली आणि टोपी छातीशी धरली.

 मग एकेक करत लोक त्याच्या मागे गेले. आधी गिरणीतले जुने, मग बाकीचे. उजवीकडे अर्लिंदाजवळ थोडे लोक आले, त्यांत क्रिसान्ता होती. अर्लिंदाला त्याचं फार नवल वाटलं. फोर्तीनो टेबलामागे उभाच होता. त्याने फडकं खाली ओढलं, पुन्हा वर घेतलं, आणि सगळ्यांत शेवटी डावीकडे गेला, एखाद्याच्या घरी चुकीच्या दिवशी जेवायला आल्यासारखा.

ओल्गिनसाहेबांनी टोपी घातली. फाटक बंद राहणार, हे ठरलं.

बाहेर चिपिचिपी चालू होती. संघटनेच्या पायऱ्यांवर फोर्तीनोने वाल्देमारला गाठलं.

"हे काय केलंस, कोम्पाद्रे?"

"काय केलं? तुमच्याबरोबर राहिलो."

"आमच्याबरोबर?" फोर्तीनोचा आवाज खाली आला. "अरे, आम्ही तुझ्याबरोबर यायचं म्हणून थांबलो होतो. काल घरोघर फिरलो मी. म्हटलं, खाणार नाहीत तर न खाऊ देत, त्या माणसाला भावाला एकदा बघू दे. सगळे हो म्हणाले. फक्त म्हणाले, पहिलं पाऊल त्याचं पडू दे, नाहीतर आपण त्याच्यावर उपकार केल्यासारखं दिसेल."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू घेतलं असतंस?"

वाल्देमारने कठडा धरला. "तू म्हणालास, आज कळू दे कुठला ते."

"ती चेष्टा होती, चारुआ."

"हो," वाल्देमार म्हणाला. "चेष्टाच होती."

अर्लिंदाने त्याचा दंड धरून त्याला घरी नेलं.  घरी आल्यावर तिने नंबर फिरवू का विचारलं, तर त्याने स्वतःच फिरवला. सगळं सरळ सांगून टाकलं, काही लपवलं नाही, फोर्तीनोचं बोलणंही सांगितलं.

या वेळी आनिबालचा आवाज मोठा नव्हता. अर्लिंदाला तो ऐकायला जवळ वाकावं लागलं.

"म्हणजे ते उघडणार होते," तो म्हणाला.

"हो."

"आणि तू डावीकडे गेलास."

"हो."

"आईच्या वेळेलाही त्यांनी तुला सोडलं असतं, वाल्दे. मी तेव्हा तुझ्या क्लबाला फोन केला होता. ते म्हणाले, त्याने मागितलं तर लगेच सोडतो. तू मागितलंच नाहीस."

वाल्देमारने रिसीव्हर कानाशी तसाच धरून ठेवला. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला तरी धरून ठेवला. मग अर्लिंदाने तो हातातून काढून घेतला. ती नवऱ्याला कधी टाकून बोलली नव्हती, त्या दिवशीही बोलली नाही. मुलीच्या खोलीत जाऊन तिने अंथरलेली चादर काढली, घडी घातली, आणि बाहेर येऊन म्हणाली, "सूप गरम करते."

ज्या दिवशी सामना व्हायचा त्या दिवशी तो मैदानापर्यंत चालत गेला. फाटकाला कुलूप होतं. गजांतून आत पाहत बराच वेळ उभा राहिला आणि परत आला. काय पाहिलंस, असं तिने विचारलं नाही.

हिलान्देरोसनी माघार घेतल्यामुळे सान फेलिक्स पुढच्या फेरीत गेला आणि तिथे सपाटून हरला. आनिबालवर त्याच्या गावात लोक चिडले, ते हरल्याबद्दल नव्हे. ज्या मेक्सिकोवाल्यांसाठी तू आमची पोरं साथीत घालायला निघाला होतास त्यांनी दार लावून घेतलं ना, असं त्याला तोंडावर ऐकवलं. वर्ष संपायच्या आत त्याने अध्यक्षपद सोडलं.

वाल्देमार पुढच्या जानेवारीत गेला. शेवटचे काही महिने तो बाकावर बसायला जाई, पण वाद घालत नसे. कुणी दक्षिणेच्या करंडकाचा विषय काढला की फोर्तीनोच तो बदलायचा. दगडावर अर्लिंदाने त्याचं पूर्ण नाव कोरून घेतलं. मातीला सारं गाव आलं होतं आणि सगळे चारुआ गेला म्हणून रडत होते. आनिबालला तिने फोनवर कळवलं. "बरं," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "त्रास झाला का?" ती म्हणाली, नाही. ते खरं नव्हतं.

फोर्तीनोने सचिवपद सोडलं आणि संघटनेतली चालून मतदानाची रीत बंद करायला लावली. पुढे चिठ्ठ्या टाकू लागले. त्याने अर्लिंदाची माफी कधी मागितली नाही. तिच्या घराचं छप्पर मात्र दर वर्षी न सांगता येऊन दुरुस्त करून जायचा, शिडीवरून पडून मांडी मोडली तोवर. आता तो मुलाकडे वेराक्रूसला आहे आणि माणसं ओळखत नाही. क्रिसान्ता त्याच्याआधी गेली. त्या दिवशी उजवीकडे का आलीस, असं अर्लिंदाने तिला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली होती, "तू एकटी उभी होतीस, म्हणून."

ओल्गिनसाहेबांनी क्लब दुसऱ्या शहराला विकायला लावला. हिलान्देरोस हे नाव राहिलं नाही. मैदानाच्या जागी आता मोठं दुकान आहे, गाड्या लावायला फरसबंदी आहे.

मेक्सिकोचे क्लब पुन्हा काही वर्षं दक्षिणेला गेले, मग तारखांची भांडणं झाली आणि जायचे बंद झाले. अधूनमधून टीव्हीवर चार माणसं बसतात आणि जावं की न जावं यावर एकमेकांचं बोलणं तोडतात.

आनिबाल कधी आला नाही. तो गेल्याचं त्याच्या मुलीने कळवलं. तिला काकांबद्दल विचारायचं होतं, वडील घरात कधी काही बोलले नाहीत म्हणाली. अर्लिंदा बराच वेळ बोलली. पिंजणखात्याचं सांगितलं, नडग्यांचं सांगितलं. सभेचं सांगितलं नाही. मुलगी म्हणाली, एकदा मी येईन तुमच्याकडे. अर्लिंदा म्हणाली, ये.

अर्लिंदा आता पुएब्लाला मुलीकडे असते. गुडघे गेलेत, ऐकू मात्र नीट येतं. अजून आनिबालची मुलगी आलेली नाही.